एका स्पॅनिश बाटलीचा हिशोब



आज फवारणीचं वेळापत्रक पाठवत नाहीये. खरड छाटणी बहुतेकांची उरकलीय, म्हणून वाईन द्राक्षवाल्या सभासदांसाठी हा वेगळा मेसेज. मोठा आहे. बांधावर उभं राहून वाचू नका, संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि मग वाचा.

मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सभासदांपैकी एकाची मुलगी परदेशातून सुट्टीला आली होती, तिने वडिलांसाठी स्पेनची एक लाल वाईन आणली होती. बाटलीची किंमत तिने सांगितली तेव्हा काका म्हणाले, "अहो साहेब, यात जास्तीत जास्त सव्वा किलो द्राक्ष असेल. आपल्याला किलोला काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग मधले पैसे कोण खातंय?"

त्याच बैठकीत दुसरा विषय होता तो आपल्या स्वतःच्या वाईनचा. पुढच्या हंगामात थोडा माल वाईनरीत करून घेऊन, ओकच्या दहा बॅरलमध्ये मुरवून, आपल्या नावानं विकायचा असा प्रस्ताव आहे. रविवारी त्यावर हात वर करायचे आहेत. माझ्या मते काकांचा प्रश्न आणि हा प्रस्ताव एकच गोष्ट आहे. त्या बाटलीचा हिशोब कळला की दहा बॅरल घ्यायचे की नाही तेही कळेल.

आधी बाटली कुठली ते सांगतो. स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा नावाचा भाग आहे. इंग्रजी अक्षरं वाचून आपण रिओजा म्हणतो, पण स्पॅनिश लोक त्या जागी घशातून ह म्हणतात. तिथे सान व्हिसेन्ते दे ला सोन्सिएर्रा नावाचं गाव आहे. मागे सिएर्रा कान्ताब्रियाचा डोंगर, पुढे नदी. समुद्राकडून येणारे ओले ढग तो डोंगर अडवतो, त्यामुळे त्याच्या पायथ्याला डोंगरापलीकडच्या मानानं पाऊस कमी. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. या गावात एर्मानोस पेसिन्या नावाची घरगुती वाईनरी आहे. पेद्रो पेसिन्या हे अनेक वर्षं एका मोठ्या नामवंत वाईनरीच्या द्राक्षमळ्यांचं काम पाहत होते. १९९२ मध्ये त्यांनी मुलांना बरोबर घेऊन स्वतःची वाईनरी काढली. म्हणजे मूळ माणूस बागेतला, सेल्समन नव्हे. मला ही बाटली आवडायचं निम्मं कारण हेच असेल, ते कबूल करतो.

आम्ही ती बाटली अकरा जणांत उघडली. एकेकाच्या वाट्याला चार घोट आले असतील. माळकरी मंडळींनी नुसता वास घेतला. खरं सांगायचं तर पहिल्या घोटाला निम्म्या लोकांची निराशा झाली. रंग काळाकुट्ट नाही, कडेनं विटेसारखा. गोडवा अजिबात नाही. एक ताई म्हणाल्या, "आंबट आहे हो." पण दहा मिनिटांनी त्यांनीच ग्लास परत नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "सुक्या खोबऱ्याचा वास येतोय का?"

येतोय, आणि तो लाकडाचा वास आहे. अमेरिकन ओकमध्ये असं एक द्रव्य असतं ज्याचा वास खोबऱ्यासारखा येतो, बरोबर व्हॅनिलाही. फ्रेंच ओकचा वास लवंग-मसाल्याकडे झुकतो आणि थोडा दबका असतो. रिओहामध्ये जुन्या पद्धतीचे लोक अमेरिकन ओक वापरतात, नवीन पद्धतीचे फ्रेंच किंवा दोन्ही.

आता बॅरल नेमकं काय करतं ते समजून घ्या, कारण इथेच गैरसमज जास्त आहेत. बॅरल म्हणजे वासाची बाटली नव्हे. त्याचं खरं काम हवा देण्याचं आहे. लाकडाच्या फळ्यांतून आणि सांध्यांतून अगदी बारीक प्रमाणात ऑक्सिजन आत जातो. लाल वाईनमध्ये सालीचा आणि बियांचा तुरटपणा असतो, कच्चा जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते ना, तसा. महिन्यामागून महिने थोडी थोडी हवा मिळाली की हे तुरट घटक एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही तळाशी बसतात, आणि वाईन जिभेला मऊ लागते. रंगही पक्का होतो. स्टीलच्या टाकीत हे आपोआप होत नाही.

वासाचं काम नव्या बॅरलचं. तीन-चार वर्षं वापरलं की लाकडाचा वास उतरत जातो, पण हवा द्यायचं काम चालू राहतं. पेसिन्यांकडे मुद्दाम जुनी, वापरलेली अमेरिकन ओकची बॅरलं आहेत. म्हणून त्यांच्या वाईनला खोबऱ्याचा वास येतो पण तो द्राक्षावर बसत नाही. जवळच्या आरो गावात लोपेझ दे एरेदिया ही १८७७ सालची घराण्याची वाईनरी आहे. ते आजही स्वतःच्या आवारात सुतारांकडून बॅरल बनवून घेतात आणि एकेक बॅरल कित्येक वर्षं चालवतात. नवं लाकूड म्हणजे भारी वाईन, हा हिशोब तिथल्या जुन्या घरांना मान्य नाही.

बॅरलचा आकार २२५ लिटर. ही सवय फ्रान्सच्या बोर्दो भागातून आली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा आधी भुरीनं आणि मग फायलोक्सेरा या मुळावरच्या किडीनं मोडल्या. तिथले व्यापारी वाईन शोधत रिओहात आले, आरो गावाच्या रेल्वे स्टेशनाशेजारी वखारी उभ्या राहिल्या. आणि मग १८९९ मध्ये तीच कीड रिओहातही पोचली. तेव्हापासून तिथेही बाग खुंटावरच. आपण डॉगरिज लावतो तो खारट पाणी आणि ताण सोसावा म्हणून; तिकडे खुंट आला तो या किडीपायी.

पिंपात वाईन नुसती भरून ठेवली की झालं असं नसतं. दर वर्षी काही टक्के वाईन लाकडातून उडून जाते. पिंपात रिकामी जागा राहिली की हवा जास्त मिळते आणि वाईन व्हिनेगरकडे जाते. म्हणून सतत भर घालावी लागते. शिवाय ठरावीक महिन्यांनी वाईन एका बॅरलमधून दुसऱ्यात काढायची, तळाचा गाळ टाकायचा, बॅरल धुवायचं. पेसिन्यांकडे हे दर सहा महिन्यांनी होतं. डिप्लोमा झाल्यावर मी जिथे पहिली नोकरी केली तिथे दिवाळीच्या सुट्टीत भर घालायची राहून गेली, ऊनही जास्त होतं, आणि दोन बॅरल आंबली. साडेचारशे लिटर. त्या दिवशी मालकाचा चेहरा मी पाहिलाय. चूक माझीही होती.

आता लेबल. रिओहामध्ये लेबलवरचे शब्द कायद्यानं बांधलेले आहेत, कुणी मनानं छापू शकत नाही. लाल वाईनवर 'क्रियान्सा' लिहिलं असेल तर किमान दोन वर्षांची मुरवण, त्यात किमान एक वर्ष बॅरलमध्ये. 'रेसेर्वा' म्हणजे किमान तीन वर्षं, त्यातलं किमान एक बॅरलमध्ये आणि सहा महिने बाटलीत. 'ग्रान रेसेर्वा' म्हणजे पाच वर्षं, त्यात किमान दोन बॅरलमध्ये, दोन बाटलीत. बाटलीच्या मागे नियामक मंडळाची छोटी पट्टी असते: साध्या वाईनला हिरवी, क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद लाल, ग्रान रेसेर्वाला निळी. अक्षर वाचता आलं नाही तरी रंग वाचता येतो.

पण हे सगळे शब्द वेळ सांगतात. बाग सांगत नाहीत. पाच वर्षं मुरवलेली वाईन सपाट, पाणी पाजलेल्या, घडांनी लगडलेल्या बागेतलीही असू शकते. मोठ्या कंपन्या लाखो बाटल्या काढतात आणि त्यावरही रेसेर्वा लिहिलेलं असतं, कायदेशीर. छोट्या उत्पादकाची बाटली घ्यायची ती यासाठी, की द्राक्ष कुणाच्या बागेतलं आणि पिंपाजवळ कोण उभं होतं ते माहीत असतं. पेसिन्यांच्या क्रियान्साला नियमानं बॅरलमध्ये एक वर्ष पुरतं, ते दोन वर्षं ठेवतात. द्राक्ष स्वतःच्या बागांचं, जवळजवळ सगळं टेम्प्रानियो, थोडं गार्नाचा आणि ग्रासियानो. टेम्प्रानियो या नावातच 'लवकर' असा अर्थ आहे. गार्नाचाच्या आधी पिकतं. आपल्याकडे नाशिक भागातही टेम्प्रानियो लावलेलं आहे, काही सभासदांनी पाहिलंही असेल.

बाग सांगण्याच्या या मुद्द्यावर तिथेही भांडणं झाली आहेत. लागुआर्दिया गावात १९८५ मध्ये काही द्राक्ष उत्पादक एकत्र आले आणि स्वतः बाटल्या भरू लागले, आपल्यासारखेच. पुढे ते अर्तादी या नावानं जगभर ओळखले गेले (आता ती एका घराची कंपनी आहे). २०१५ च्या शेवटी अर्तादीनं रिओहाचा शिक्काच सोडून दिला, कारण गाव आणि बाग यांना त्या शिक्क्यात जागा नव्हती. २०१७ मध्ये मंडळानं 'व्हिन्येदो सिंग्युलार', म्हणजे एकाच बागेची वाईन, असा नवा वर्ग आणला. त्याच्या अटी ऐका: वेली किमान ३५ वर्षांच्या, तोडणी हातानं, आणि हेक्टरी जास्तीत जास्त ५,००० किलो माल. ३५ वर्षांच्या वेली! आपण दहा-पंधरा वर्षांत जेसीबी बोलावतो.

आता काकांचा हिशोब करू. हेक्टरी ५,००० किलो म्हणजे एकरी सुमारे २ टन. या वर्गात १०० किलो द्राक्षातून ६५ लिटरच वाईन धरायची परवानगी आहे. म्हणजे एकरात १,३०० लिटर, साधारण १,७५० बाटल्या, जेमतेम ६ बॅरल. साध्या रिओहा लाल वाईनलाही हेक्टरी ६,५०० किलोची मर्यादा आहे, म्हणजे एकरी साधारण २,६०० किलो. आपले टेबल द्राक्षवाले भाऊ हे आकडे ऐकून हसतील.

एका बाटलीत द्राक्ष १,१०० ते १,१५० ग्रॅम. काका, तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. फ्रेंच ओकचं नवं बॅरल साधारण ७०० ते ९०० युरो, अमेरिकन ओकचं त्यापेक्षा बरंच स्वस्त. एका बॅरलमध्ये ३०० बाटल्या. म्हणजे नवं फ्रेंच बॅरल एकदाच वापरलं तर बाटलीमागे ३ युरोपर्यंत लाकडाचे, पाच वेळा वापरलं तर ६० सेंट. मग काच, बूच, माणसं, तळघर. आणि सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही: तीन वर्षं पैसे अडकून बसतात, त्याचं व्याज. एवढं सगळं करून पेसिन्यांची क्रियान्सा स्पेनमध्ये १० ते १५ युरोच्या घरात मिळते. वरचं जे आहे ते प्रवास, दुकानदार आणि कर. भारतात वाईनवर कित्येक वर्षं १५० टक्के आयात शुल्क राहिलं आहे, त्यावर राज्याचा कर. मधले पैसे बरेचसे इथेच खाल्ले जातात.

तिकडचा प्रत्येक द्राक्षवाला श्रीमंत आहे असंही समजू नका. २०२३ मध्ये रिओहात शिलकी वाईन इतकी झाली की सरकारी मदत देऊन काही बागांत हिरवे घडच खाली पाडले, आणि काही वाईन भट्टीत घालून तिचं अल्कोहोल केलं. मोठ्या वाईनरीला नुसतं द्राक्ष घालणाऱ्यांना अशा वेळी किलोला एक युरोसुद्धा मिळणं अवघड होतं. त्याच खोऱ्यात, तेच वाण, तोच डोंगर.

म्हणून बाटली घ्यायची असेल तर माझा सल्ला असा. कुणाचा मुलगा-मुलगी परदेशात असेल, तर येताना दोन बाटल्या आणायला सांगा. प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, दोन बाटल्या त्यात बसतात. एक पेसिन्यांची क्रियान्सा. दुसरी, खिसा परवानगी देत असेल तर, लोपेझ दे एरेदियाची 'व्हिन्या तोन्दोनिया रेसेर्वा'. ती बॅरलमध्ये सहा वर्षं असते, नियमाच्या सहापट. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्या की काळ वाईनला काय करतो ते जिभेला कळतं, मला सांगावं लागणार नाही. दुकानात दुसरी कुठली घेत असाल तर मोठ्या अक्षरातल्या रेसेर्वाकडे न बघता मागचं लेबल वाचा: गावाचं नाव आहे का, द्राक्ष स्वतःचं आहे का, बॅरलमध्ये किती महिने. आपल्याकडच्या बाटलीवर रिझर्व्ह दिसलं तरी हेच शोधा. महिने लिहिलेले नसतील तर लाकडाच्या चुऱ्याचं काम असण्याची शंका घ्यायला हरकत नाही. चुरा वापरणं गुन्हा नाही. युरोपात २००६ पासून त्याला परवानगी आहे, पण तसल्या वाईनवर 'बॅरलमध्ये मुरवलेली' असं लिहिता येत नाही.

बाटली माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, मे महिन्यात ती शिजते. अंधाऱ्या थंड कोपऱ्यात आडवी ठेवा. उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये. तळाला गाळ दिसला तर घाबरू नका, शेवटचा घोट सोडून द्या. आणि झणझणीत रश्श्याबरोबर घेऊ नका; तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की नुसता जाळ होतो. रिओहात लोक ती छाटणीच्या सुक्या काड्या पेटवून त्या निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाच्या चापांबरोबर घेतात. काड्या आपल्याकडेही ढिगानं आहेत.

आता प्रस्ताव. दहा नवी फ्रेंच बॅरलं म्हणजे ७ ते ९ हजार युरो, साधारण ७ ते ९ लाख रुपये, भाडं आणि कर वेगळे. त्यात बसणार २,२५० लिटर, म्हणजे साडेतीन टन द्राक्ष, ३,००० बाटल्या. पहिला रुपया दोन-अडीच वर्षांनी. शिवाय नाशिकच्या उन्हाळ्यात बॅरलची खोली १५-१६ अंशाला ठेवायची म्हणजे वीजबिल. लागुआर्दिया गावाच्या पोटात दगडात कोरलेली तळघरं आहेत, त्यांना एसी लागत नाही. आपल्याला लागेल.

माझं मत: यंदा दहा बॅरल नकोत. त्या शेतकऱ्यांनी जे केलं ते आधी करू. रिओहाच्या अलावा भागातले छोटे उत्पादक दर वर्षी थोडी ताजी वाईन करतात, अख्खे घड टाकीत घालून, न मुरवता, आणि काही महिन्यांत विकून हातात पैसे घेतात. मुरवायची वाईन त्या पैशांवर थांबते. आपणही बहुतेक माल ताज्या वाईनला द्यावा, आणि दोनच वापरलेली बॅरलं चांगल्या वाईनरीकडून घ्यावीत. घेताना आत नाक घालून बघायचं. व्हिनेगरचा किंवा तबेल्याचा वास आला तर फुकट दिलं तरी आणायचं नाही.

आणि त्या दोन बॅरलसाठी लागणारे सातशे किलो कुठून येणार, ते बागेत आजपासून ठरेल. ज्यांना आपला प्लॉट यासाठी द्यायचा आहे त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पुढच्या फळ छाटणीनंतर मी घड काढायला सांगेन, आणि ते दिसायला चांगले असलेले घड असतील. एकरी २-३ टनांवर थांबायचं आहे. त्या प्लॉटला किलोच्या दरानं पैसे दिले तर शेतकऱ्याचं नुकसानच होईल, म्हणून कंपनीनं त्याला एकराच्या हिशोबानं पैसे द्यावेत अशी मी रविवारी मागणी करणार आहे. संचालक मंडळाला हे आवडेलच असं नाही. तुम्हाला पटत असेल तर तिथे बोला, मला नंतर फोनवर सांगून उपयोग नाही.

रविवार, सकाळी १० वाजता, नेहमीच्या जागी. प्लॉट द्यायचा असेल त्यांनी वेलींचं वय, खुंट, अंतर आणि मागच्या दोन हंगामांचं एकरी उत्पादन लिहून आणा. वेलीचं वय जास्त असेल तर आवर्जून सांगा.

जाता जाता: ज्यांच्या फुटी ४-५ पानांवर आल्या आहेत त्यांनी विरळणी लांबवू नका. शंका असेल तर फुटीचा फोटो उजेडात काढून पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार